परळच्या प्रयोगशाळेतली गुळवेल



इतिहास म्हटला की आपल्याला गड, लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज मी एका वाक्याचा इतिहास सांगणार आहे. वाक्य तुमच्या ओळखीचं आहे. घरात कुणाला कर्करोग निघाला, केमोथेरपी सुरू झाली आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये पेशी कमी आल्या, की शेजारची काकू, गावाकडची मावशी किंवा मोबाइलवर फिरत आलेला एखादा निरोप ते सांगतोच: ‘गुळवेल द्या, पांढऱ्या पेशी वाढतात.’

हे आजीच्या बटव्यातलं ज्ञान आहे, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. गुळवेल बटव्यातली आहे, पण ‘पांढऱ्या पेशी’ हा शब्द बटव्यात नव्हता. आजी गुळवेल द्यायची ती तापावर, अशक्तपणावर, जुन्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला. गुळवेल आणि पांढऱ्या पेशी यांची गाठ आपल्याकडे बांधली गेली ती साधारण चाळीस वर्षांपूर्वी, मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात. आणि त्या कामात पुढे होत्या स्त्रिया. आपल्या शेलारहून कुणी टाटा रुग्णालयात तपासणीला जातं, तेव्हा तिथून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर असतं. म्हणजे ही गोष्ट आपल्या वाटेवरचीच आहे.

ती समजायला आधी आपल्या हाडांच्या आत डोकावून पाहू. हाडाच्या पोकळीत जो मऊ गाभा असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात, बोलताना आपण मगज म्हणतो. रक्तातल्या पेशी तिथे तयार होतात. हा रात्रंदिवस चालणारा कारखाना आहे. भिवंडीत राहणाऱ्यांना कारखाना आणि गोदाम वेगळं समजावून सांगायला नको. समजा, एका कारखान्यात तीन प्रकारचा माल निघतो. पहिल्या मालाचा साठा चार महिने टिकतो: या तांबड्या पेशी, त्यांचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. दुसऱ्याचा साठा आठ-दहा दिवस टिकतो: या प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या. तिसरा माल मात्र आज बनला की लगेच खपतो. या पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल. रक्तात आल्यावर त्या काही तास, फार तर काही दिवस टिकतात, आणि जंतूंशी पहिली झुंज त्याच देतात. आता कारखाना आठवडाभर बंद पडला तर गोदामातून आधी काय संपेल? तिसरा माल. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्याचं कारण हे. एरवी रिपोर्टवर चार हजार ते अकरा हजारांच्या मध्ये असणारा आकडा हजारावर किंवा त्याहूनही खाली येतो. मग साधा जंतूसुद्धा भारी पडतो, पुढचं सलाइन लांबतं, आणि घरातली बाई तर तापातही ‘थोडी कणकण आहे’ म्हणत चुलीपाशी उभी राहते.

पण औषध मगजावर का उठतं? कारण ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, आणि मगजातल्याही. औषधाला दोघींत फरक करता येत नाही. खरं तर केमोथेरपीचा जन्मच मगजाच्या नुकसानीतून झाला. दुसऱ्या महायुद्धात, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. बंदरात ‘जॉन हार्वे’ नावाचं अमेरिकन जहाज होतं आणि त्यात गुपचूप मस्टर्ड वायूचे बॉम्ब भरलेले होते. वायू पाण्यात मिसळला, शेकडो खलाशी आणि सैनिक भाजले. त्यांना तपासायला गेलेल्या डॉ. स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांना दिसलं की रुग्णांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने नाहीशा होत आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठात याच विषाच्या भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, गुप्तपणे काम चालू होतं आणि १९४२ मध्ये एका रुग्णाला ते देऊनही पाहिलं होतं. विचार सरळ होता: जे विष पांढऱ्या पेशी मारतं, ते पांढऱ्या पेशींचा कर्करोगही मारेल. त्याच घराण्यातलं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध १९५८ च्या सुमारास जर्मनीत तयार झालं. आज स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना ते दिलं जातं. आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्या अंगणातली आहे. सदाफुली. तुळशीजवळ, गटाराच्या कडेला, पत्र्याच्या डब्यात, कुठेही वाढणारी. मूळची मादागास्करची, पण आता आपलीच झालेली. १९५२ साली कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकातल्या त्यांच्या एका रुग्णाने सदाफुलीची पानं पाठवली. तिकडे मधुमेहावर त्या पानांचा चहा पीत असत. क्लार्क यांनी ती पानं आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. त्यांनी पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही. उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मरू लागले. तपासलं तर त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या आणि मगज सुकत चालला होता. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्या अर्कातून विनब्लास्टिन वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये ते जगापुढे ठेवलं. तिचंच दुसरं औषध विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात.

म्हणजे, मैत्रिणींनो, झाडपाला ‘साधा’ असतो, त्याने काही अपाय होत नाही, हे सदाफुलीनेच खोटं ठरवलंय. एकाच कुंपणावर एक झाड मगज दडपणारं निघालं. तर मग त्याच कुंपणावर मगजाला जपणारंही असू शकेल का? हाच प्रश्न परळच्या प्रयोगशाळेत विचारला गेला.

त्याआधी गुळवेलीची कुंडली पाहू. संस्कृतात तिला गुडूची म्हणतात, अमृता म्हणतात. तोडून फेकली तरी हवेतून मुळं सोडून ती पुन्हा जगते, म्हणून हे नाव तिला शोभतं. चरकसंहितेत रसायनांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात गुळवेल आहे. रसायन म्हणजे रोग झाल्यावर द्यायचं औषध एवढंच नव्हे. शरीराचे धातू चांगले घडावेत, माणूस टिकून राहावा म्हणून द्यायचं द्रव्य. शरीराच्या सात धातूंत मज्जा हा एक. इंग्रजांच्या काळात गुळवेल सरकारी दप्तरातही गेली. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मध्ये तिची नोंद आहे. मुंबईत सरकारी औषधभांडाराचं काम पाहणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलं, त्यातही ती आहे. पण या नोंदी होत्या शक्ती देणारी, तापावर उपयोगी, अशा भाषेतल्या. ‘शक्ती’ म्हणजे नेमकं काय, ती मोजायची कशी, हे त्या काळी कुणाला सांगता आलं नसतं.

मोजायचं ठरवलं डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी. मराठी वाचकांना त्या ‘हिरवाई’, ‘फुलवा’, ‘वृक्षगान’ अशा पुस्तकांमुळे ठाऊक आहेत. झाडांवर इतक्या जिव्हाळ्याने लिहिणारी ही बाई मुळात औषधशास्त्राची डॉक्टर, केईएममध्ये त्या विषयाच्या प्रमुख. आधुनिक वैद्यक शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या. आयुर्वेदाला हसून उडवून लावणं त्यांना सोपं होतं आणि डोळे मिटून मान डोलावणंही. त्यांनी तिसरी वाट धरली. त्यांच्याबरोबर डॉ. उर्मिला थत्ते होत्या, डॉ. निर्मला रेगे होत्या. डहाणूकर आणि थत्ते यांनी मिळून ‘आयुर्वेद रिव्हिजिटेड’ हे इंग्रजी पुस्तकही लिहिलं. पुढे केईएममध्येच आयुर्वेद संशोधन केंद्र उभं राहिलं.

१९८० च्या दशकात या गटाने एकेक रसायन वनस्पती हाती घेतली. आधी प्रश्न होता पोटातल्या जंतुसंसर्गाचा. शतावरी दिलेले प्राणी असा संसर्ग अधिक चांगला झेलतात, असं त्यांना दिसलं. मग आला आपला मुख्य प्रयोग. डहाणूकर आणि थत्ते यांनी तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं, म्हणजे पांढऱ्या पेशी घसरतात. काही उंदरांना त्याबरोबर गुळवेल, काहींना शतावरी, काहींना अश्वगंधा, काहींना कुटकी. आणि रक्तातल्या पेशी मोजायच्या. चारही वनस्पतींनी पेशींची घसरण कमीअधिक प्रमाणात रोखली. सर्वांत जोरकस ठरल्या गुळवेल आणि शतावरी.

या प्रयोगात एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी या वनस्पतींची तुलना नुसती ‘काहीच न दिलेल्या’ उंदरांशी केली नाही. लिथियम कार्बोनेट आणि ग्लुकान या दोन द्रव्यांशी केली. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध, पण त्याने पांढऱ्या पेशी वाढतात हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, आणि त्या काळी मगजाला हात देणारं दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं. म्हणून त्यांनी कसोटी लावली: तुमच्याजवळ आज जे चांगल्यात चांगलं आहे, त्याच्या शेजारी आमची वेल उभी करून पाहू. गुळवेल आणि शतावरी त्यांच्या तोडीला उतरल्या. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगायचा असेल तर तो असा बाळगावा, तराजू हातात घेऊन.

मग पुढची पायरी: हे घडतं कसं? १९९४ मध्ये थत्ते, राव आणि डहाणूकर यांनी दाखवलं की गुळवेल दिलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात मगजातल्या मूळ पेशींना वाढायला लावणारा गुण येतो. कारखान्याला ‘माल काढा’ असा निरोप देणारी जी द्रव्यं शरीर स्वतःच बनवतं, त्यांचं काम गुळवेलीने वाढतं, असा त्याचा अर्थ. ‘शक्ती’ या जुन्या शब्दाला इथे पहिल्यांदा आकडा मिळाला.

आणि माणसांचं काय? केईएममध्येच एक अभ्यास झाला, १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पित्ताची नळी तुंबून होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने रुग्ण दगावत. अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार. एका गटाला त्यावर गुळवेल, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. गुळवेल न घेतलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेल घेतलेल्यांत एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. केवढा फरक! पण दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. रुग्ण तीसच होते. आणि हा अभ्यास काविळीचा होता, केमोथेरपीचा नव्हता.

दरम्यान जगात दुसरीकडे तोच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत होता. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डोनाल्ड मेटकाफ आणि रे ब्रॅडली यांनी १९६० च्या दशकात मगजाच्या पेशी बशीत वाढवायला सुरुवात केली होती. त्यांना वाढवणारी द्रव्यं ओळखता ओळखता पुढे एक शुद्ध प्रथिन हाती आलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन मंजूर झालं. केमोनंतर पोटावर किंवा दंडावर टोचतात ते ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ या घराण्यातलं. सुरुवातीला ते आपल्या आवाक्याबाहेरचं होतं. २००१ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने भारतात बनवलेलं इंजेक्शन आणलं, पुढे इतरांनीही आणलं. गंमत पाहा: परळच्या उंदरांच्या रक्तात गुळवेलीने जे द्रव्य वाढवलं असावं, त्याच कुळातलं द्रव्य मेलबर्नच्या वाटेने बाटलीत भरून आलं. फरक एवढाच की त्याची मात्रा ठरलेली होती, आणि ते हजारो रुग्णांवर तपासलं गेलं.

तरी आपल्याकडचं काम थांबलं नाही. पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अश्वगंधेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायक्लोफॉस्फामाइडने दडपलेला उंदरांचा मगज अश्वगंधेने सावरतो, असं त्यात दिसलं. २००४ मध्ये याच गटाने आणखी अवघड प्रश्न घेतला. आधीचे बरेच उंदीर निरोगी होते. या वेळी कर्करोगाची गाठ असलेले उंदीर घेतले. अश्वगंधा आणि गुळवेल ८० ला २० या प्रमाणात एकत्र केलेल्या अर्काने त्यांच्याही पांढऱ्या पेशी सावरल्या. हा प्रश्न घ्यायलाच हवा होता. कारण जे द्रव्य मगजातल्या पेशींना औषधापासून वाचवतं, ते गाठीच्या पेशींनाही वाचवणार नाही ना, ही शंका प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाच्या मनात असते.

माणसांवर, केमोथेरपी चालू असताना, एक अभ्यास मलेशियात झाला. स्तनाचा कर्करोग असलेल्या १०० स्त्रिया त्यात होत्या. अश्वगंधा घेणाऱ्यांना थकवा कमी जाणवला, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, कोण काय घेतंय हे सर्वांना माहीत होतं, आणि पाहिला होता तो थकवा आणि जगण्यातला आराम. मगजाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

म्हणजे वाट कुठवर आली आहे पाहा. जुन्या ग्रंथात नोंद, ही पहिली पायरी. उंदरांवर मोजून पाहणं, ही दुसरी. कसं घडतं ते शोधणं, तिसरी. चौथी पायरी म्हणजे केमोथेरपी घेणाऱ्या शेकडो स्त्रीपुरुषांत, ठरलेल्या मात्रेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासणं. ‘केमोत गुळवेल द्या’ असं छातीठोकपणे सांगण्याइतकं बळ त्या पायरीवरून अजून मिळालेलं नाही. हा त्या संशोधक बायकांचा कमीपणा नव्हे. वेल कुणाच्या मालकीची नसते, तिच्यावर मोठा खर्च करायला कंपनी सहसा पुढे येत नाही. शिवाय एका झाडावरची वेल आणि दुसऱ्या झाडावरची, पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली, यांत फरक पडतो. त्यांची एकसारखी मात्रा बांधणं सोपं नाही.

ही पायरी गाळून उडी मारली तर काय होतं, ते आपण करोनाच्या काळात पाहिलं. आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकण्याचा उद्योग उभारला होता. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना डाबर, हिमालया यांसारख्या कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आली. रानात हिंडणाऱ्या हातांना दाम मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण घराघरांत लोक महिनोन्‌महिने काढे पिऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: ही खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खात्री केलेली नाही. २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते असे, थायरॉइडसारखे, आजार ज्यांना आधीपासून असतात, त्यांना धोका अधिक असावा असं त्यातून पुढे आलं. हे आजार बायकांत जास्त. वाद अजून मिटलेला नाही. पण ज्याला धक्का बसला ते यकृत आहे, हे लक्षात घ्या. सायक्लोफॉस्फामाइड कामाला लागतं तेही यकृतातूनच. केमोच्या दिवसांत यकृतावर आणखी काय टाकायचं, हे डॉक्टरला न विचारता ठरवणं परवडणारं नाही.

मग नदीनाक्याच्या या बाजूला राहणाऱ्या आपण काय करायचं? पहिलं, लपवायचं नाही. डॉक्टर रागावतील म्हणून बऱ्याच जणी काढ्याचं नाव काढत नाहीत. काढा, चूर्ण, गोळी, जे काही घेत असाल ते पाकिटासकट डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा. वैद्यांकडे जात असाल तर केमोचे कागद त्यांनाही दाखवा. दुसरं, केमोनंतरच्या दिवसांत ताप १०० च्या वर चढला तर काढा उकळत बसू नका. १००.४ झाला की रात्र असो, पाहुणे असोत, दवाखाना गाठा. पांढऱ्या पेशी नसताना आलेला ताप काही तासांत जिवावर उठतो. तिसरं, थर्मामीटर घरात हवाच, आणि तो तोंडात धरायला त्या बाईला स्वयंपाकातून दोन मिनिटं मोकळीक हवी. हे घरातल्या इतरांनी बघायचं.

शरदिनी डहाणूकरांनी झाडांवर प्रेम केलं, म्हणून त्यांना मोजायची भीती वाटली नाही. आपणही कुंपणावरच्या गुळवेलीवर खुशाल प्रेम करावं. कुणी म्हणालं, ‘पांढऱ्या पेशी वाढतात’, तर हसून विचारावं, ‘कुणाच्या वाढल्या गं, उंदराच्या की माणसाच्या? आणि तुझ्या डॉक्टरांना ठाऊक आहे ना?’